सांगाड्यापासून सायकल

मुलांनो, सोनीपतला 1951 मध्ये निघालेल्या ॲटलस कारखान्याच्या एका जुन्या सायकलीचा पोलादी सांगाडा नांदेडच्या आमच्या घरी पडून होता. वडिलांची ती सायकल. नातवाने ती पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले. सुटे भाग नांदेड-लातूरच्या जुन्या दुकानांतून शोधावे लागले. गंज घासताच सांध्यांत पितळ चमकले. नळ्या पितळ वितळवूनच जोडलेल्या होत्या. पायडलांच्या आसाला दोन्हीकडे पाव इंची अकरा-अकरा छर्रे ग्रीसमध्ये बसविले. पुढच्या चाकाला 32 आरे, मागच्याला 40. कारण अधिक भार मागेच पडतो.

डावे पायडल मात्र बसेना. नातू जोर लावू लागला. मी त्याचा हात धरला. अरे, आटे झिजतील! डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. सुलटे असते, तर चालविताना ते आपोआप सैल झाले असते. त्याने पायडल डावीकडे फिरविले. ते अलगद बसले.