सूर्यमालेचा पाठ : ग्रह नऊ की आठ?

गेल्या भाद्रपदात एका शाळेच्या वर्गतपासणीस गेलो असता इयत्ता पाचवीत सूर्यमालेचा पाठ चालू होता. फळ्यावर ‘एकूण ग्रह आठ’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. पाठ संपत आला तेव्हा मागच्या रांगेतील एक मुलगी उठली व म्हणाली, “गुरुजी, आमचे आबा तर नऊ म्हणतात. पूजेत नऊ सुपाऱ्या मांडतात.” गुरुजी म्हणाले, “आबांचे जुने झाले. पुस्तकात आठ आहेत, आठच लिही.” मुलगी मुकाट्याने खाली बसली.

गुरुजींचे उत्तर चूक नव्हते; पण मुलीने जे विचारले त्याचे ते उत्तर नव्हते. गुरुजींना दोष देण्याचा मला अधिकारही नाही. प्लूटोसंबंधीचा निर्णय झाला तेव्हा मी वर्गावर होतो. “नववा ग्रह काढून टाकला आहे, वहीतले नाव खोडा,” एवढे सांगून मी चाळीस मुलांकडून प्लूटो खोडून घेतला. तो का काढला हे एकाही मुलास सांगितले नाही, कारण ते मलाच नीट ठाऊक नव्हते.

प्रथम आबांच्या नवांचा विचार करू. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू व केतू हे पंचांगातील नवग्रह होत. जुन्या पाठ्यपुस्तकातील नऊ ग्रह म्हणजे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून व प्लूटो. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून सारखी नावे मुलांकडूनच शोधून घ्यावीत. ती केवळ पाच निघतात! संख्या एक, पण याद्या निराळ्या. कारण ‘ग्रह’ या शब्दाचा अर्थच दोन्हीकडे निराळा आहे. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे जागा बदलताना दिसते ते ग्रह, असा जुना अर्थ. त्यात सूर्य व चंद्र सहजच आले आणि आपण जिच्यावर उभे राहून पाहतो ती पृथ्वी आली नाही. राहू व केतू हे तर गोल नव्हेतच. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदतो ते हे बिंदू असून ग्रहणे त्यांच्याच आसपास घडतात. हे गणित ज्यांनी बसविले त्यांचे निरीक्षण सामान्य नव्हते. मुलांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना वर्गात खोटे पाडण्याचे, म्हणून, काही कारण नाही. त्यांची यादी दुसऱ्या प्रश्नाची आहे, इतकेच.

आता प्लूटोकडे वळण्यापूर्वी सीरिसची हकीकत सांगितली पाहिजे. आपल्या पाठांत ती सहसा येत नाही, आणि माझ्या मते तीच या पाठाची किल्ली आहे. दिनांक १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथील वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झी यांना एक मंद ज्योती रोज थोडी थोडी सरकताना आढळली. मंगळ व गुरू यांच्यामध्ये मोठी पोकळी आहे, तेथे एखादा ग्रह असावा, असा अनेकांचा कयास होताच. पियाझ्झींनी या गोलास धान्यदेवतेवरून सीरिस हे नाव दिले व त्याची गणना ग्रहांत झाली. पण पुढच्याच वर्षी त्याच भागात पॅलस सापडला, १८०४ साली जूनो व १८०७ साली व्हेस्टा. तेव्हा नेपच्यून अजून सापडावयाचा होता. तरीही त्या काळच्या पुस्तकांत ग्रहांची संख्या अकरावर गेली. १८४५ पासून तर अशा गोलांची रीघच लागली. सर्वांना ग्रह म्हणत गेल्यास यादीला अंत राहणार नाही हे उमगल्यावर ज्योतिर्विदांनी त्यांचा ‘लघुग्रह’ असा वेगळा वर्ग केला. आज असे दहा लाखांहून अधिक गोल ज्ञात आहेत. मात्र त्या पट्ट्यातील सर्वांचे वस्तुमान एकत्र केले तरी ते आपल्या चंद्राच्या सुमारे शंभरात तीन भाग इतकेच भरते.

प्लूटोच्या बाबतीत हेच पुन्हा घडले. अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या चोवीस वर्षांच्या तरुणाने छायाचित्रांच्या काचा ताडून पाहता पाहता १८ फेब्रुवारी १९३० रोजी तो शोधला. प्रारंभी तो बराच मोठा असावा असे वाटले. पुढे प्रत्येक नव्या मापनागणिक तो लहान होत गेला. त्याचा व्यास २,३७७ किलोमीटर आहे. आपल्या चंद्राचा ३,४७४. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे त्याचे भाऊबंद सापडू लागले आणि २००५ साली जवळजवळ त्याच्याच आकाराचा एरिस सापडल्याचे जाहीर झाले. एकतर दहावा, अकरावा असे मोजत जावे, नाहीतर ग्रह कशास म्हणावे हे ठरवावे, असा पेच पडला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने व्याख्या ठरविली : ग्रह सूर्याभोवती फिरणारा असावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार झालेला असावा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा. ही तिसरी अट मुलांना अवघड वाटते. वाटेवरचे लहानसहान गोल ज्याने ओढून घेतले, भिरकावून दिले किंवा आपल्या ताब्यात ठेवले तो ग्रह, असे सांगावे. प्लूटो येथे अडतो, म्हणून तो बटुग्रह. त्याच ठरावाने सीरिसला मात्र लघुग्रहावरून बटुग्रह अशी बढती मिळाली! ही व्याख्या मान्य नसलेले शास्त्रज्ञ आजही आहेत, हेही वर्गात लपवू नये.

म्हणजे प्लूटो कोठेही गेलेला नाही. १४ जुलै २०१५ रोजी ‘न्यू होरायझन्स’ या यानाने त्याच्या जवळून जाऊन त्यावरील बर्फाच्या पर्वतांची चित्रे पाठविली. बदलली ती आपली वर्गवारी.

ग्रह व लहान गोल यांतील हा भेद शब्दांपेक्षा पटांगणावर लवकर कळतो. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर असे प्रमाण धरावे. चौदा सेंटिमीटर व्यासाचा सोललेला नारळ हा सूर्य. शुक्र व पृथ्वी यांना मोहरीचे दाणे, बुध व मंगळ यांना खसखस, गुरू व शनी यांना गोट्या, युरेनस व नेपच्यून यांना ज्वारीचे टपोरे दाणे घ्यावेत. पाऊण मीटरचे पाऊल धरल्यास पृथ्वी वीस पावलांवर, मंगळ तीस, गुरू सुमारे एकशे चार आणि नेपच्यून सहाशे पावलांवर येतो. बहुतेक गावांत तोवर वेस मागे पडते, तेव्हा रस्ता पाहून जागा ठरवावी. सीरिस धुळीच्या कणाएवढा, म्हणून तो कोणाच्या हाती देता येत नाही. मुले त्याची जागा तेवढी दाखवितात. प्लूटो सरासरी सातशे नव्वद पावलांवर, पाव मिलिमीटरचा.

लहान गोल क्षुल्लक, असा समज मात्र होऊ देऊ नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर अशाच एका गोलाच्या आघाताने झाले. पूर्वी ते ज्वालामुखीचे मानीत. तेथील खडकांत प्रचंड आघातानेच बनणाऱ्या काचेचे अंश सापडले तेव्हा मत बदलले. याच्या उलट, ‘तारा तुटला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा वाळूच्या खड्याएवढा कण वातावरणात जळत असतो; कोणताही तारा जागचा हललेला नसतो. दिनांक १३ व १४ डिसेंबरच्या रात्री, आकाश निरभ्र व चांदणे कमी असल्यास, नऊनंतर मुलांना पालकांसोबत अंगणात बसून उल्का मोजण्यास सांगावे. ते कण फेथन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेले आहेत. घरच्या आजोबांनाही सोबत बसवून घ्यावे व कोणी किती मोजल्या ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडावे.