बोलीच्या आधाराने प्रमाण व्याकरण

तेरेखोल नदीच्या काठी, सावंतवाडी तालुक्यात आरोंदा हे गाव वसले आहे. नदीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका लागतो. या परिसरात घरोघरी मालवणी बोलली जाते. पाठ्यपुस्तकाची भाषा मात्र प्रमाण मराठी असते. बारावीनंतर उच्च शिक्षणासाठी दूर जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला या दोहोंतील अंतर परीक्षेच्या दालनात प्रथमच जाणवावे, हे इष्ट नव्हे.

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेण्यात येते. ज्या १३ भाषांत ती देता येते, त्यांत मराठीचा समावेश आहे. २०२५ पासून भाषेच्या चाचणीत ६० मिनिटांत ५० प्रश्न सोडवावयाचे असतात. बरोबर उत्तरास ५ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. म्हणजे एका प्रश्नावर सहा गुणांचे अंतर पडू शकते. उताऱ्याचे आकलन व शब्दसंपत्ती यांवर या चाचणीचा भर असतो. वाक्यातील कर्ता कोण, कर्म कोणते, हे तत्काळ ओळखता आले, तरच उतारा एका वाचनात उलगडतो. व्याकरणाचा खरा उपयोग येथे आहे.

साम्य कोठे, भेद कोठे?

मालवणी ही अशुद्ध मराठी आहे, असा समज अनेकदा आढळतो. तो शास्त्राला धरून नाही. बोलीलाही स्वतःचे नियम असतात. मालवणीत ‘घोडो’, ‘आंबो’ अशी ओकारान्त पुल्लिंगी रूपे आहेत. प्रमाण भाषेत ती ‘घोडा’, ‘आंबा’ अशी आकारान्त होतात. ‘माका’, ‘तुका’ यांच्या जागी ‘मला’, ‘तुला’ येतात. ‘घोड्याक’ आणि ‘घोड्याला’ यांत प्रत्यय निराळा असला, तरी ‘घोड्या’ हे सामान्यरूप दोन्हीकडे एकच आहे. म्हणजे सामान्यरूपाचा नियम मूल घरीच शिकून आलेले असते. शिक्षकाने त्याला केवळ नाव द्यावयाचे असते.

जेथे बोली आधार देत नाही, तेथे सराव वाढवावा. ‘चेडू’ हा मालवणी शब्द नपुंसकलिंगी आहे, तर ‘मुलगी’ स्त्रीलिंगी. मालवणीत ‘तेना काम केल्यान’ असे म्हणतात. प्रमाण मराठीत ‘त्याने काम केले’ असे होते. प्रमाण भाषेच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘रामाने आंबे खाल्ले’. कर्माला प्रत्यय लागून भावे प्रयोग झाला, की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते : ‘शिपायाने चोराला पकडले’, ‘शिपायाने चोरांना पकडले’. बारावीच्या मराठी युवकभारतीत वाक्यप्रकार, समास व अलंकार यांबरोबर प्रयोगाचाही समावेश आहे. त्यामुळे हा सराव शालान्त अभ्यासाला पूरकच ठरतो.

लेखनाचे नियम

मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. कवी केशवसुतांचे हे बंधू. पुढे मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली स्वीकारण्यात आले व १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यांतील एक नियम विद्यार्थ्यांना विशेष अडचणीचा वाटतो. ‘गरीब – गरिबाला’, ‘फूल – फुलाला’ असे सामान्यरूपात उपान्त्य अक्षर ऱ्हस्व होते. पण ‘शरीर – शरीराला’, ‘परीक्षा – परीक्षेला’ या तत्सम शब्दांत ते दीर्घच राहते. हा भेद बोलण्यात सहसा जाणवत नाही. तो डोळ्यांनी वाचून व हाताने लिहूनच पक्का होतो.

अभ्यासाची रीत

विद्यार्थ्याने वहीत तीन रकाने आखावेत : पहिल्यात बोलीतील वाक्य, दुसऱ्यात त्याचे प्रमाण रूप, तिसऱ्यात बदलाचे कारण. रोज पाच वाक्ये लिहिली, तरी तीन महिन्यांत साडेचारशे वाक्यांचा संग्रह होतो. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून अपरिचित उतारा सोडवावा. चुकलेल्या प्रश्नापुढे केवळ बरोबर पर्याय न लिहिता कोणता नियम निसटला, याची नोंद करावी. त्याच प्रकारची चूक पुन्हा झाली, तर पुढील आठवड्याचा अभ्यास कोणता, हे आपोआप ठरते.

ही परीक्षा संगणकावर द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ग्रामपंचायतींनी गावातील वाचनालयात एखादा शब्दकोश, एक व्याकरणाचे पुस्तक व मागील प्रश्नपत्रिका उपलब्ध करून द्याव्यात. शाळांनी आपले संगणक सुटीच्या दिवशी सरावासाठी खुले ठेवावेत. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. शिक्षकांनी मात्र एक पथ्य पाळावे. मुलाच्या तोंडी ‘माका’ आले, तर त्याला हसू नये. फळ्यावर त्याच्या शेजारी ‘मला’ लिहावे. बोलीची लाज वाटू लागलेला विद्यार्थी वर्गात बोलणेच सोडतो, आणि जो बोलत नाही, त्याची चूक सुधारण्याची संधी शिक्षकालाही मिळत नाही.