पाणी तोडू नकोस गं

हे बघ, आधी ती बॅग बाजूला सरकव आणि जरा टेक. नणंदेच्या बाळंतपणाला डलासला जायचं, सोबत सासूबाई, आणि दोघींचाही विमानाचा पहिलाच प्रवास. धाकधूक होणारच. पण खरं सांगू का, तू घाबरायलीस त्या शंभर मिलीच्या नियमाला, आणि मला काळजी आहे ती तुझ्या पाणी न पिण्याची.

आपल्याकडची बाई प्रवासाला निघाली की आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडते. का, ते तुला-मला ठाऊक आहे. नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबाद म्हणजे गाडीनं पाच-सहा तास, लातूरहून निघालीस तर जरा जास्तच, आणि वाटेत बाईमाणसाला निवांत जाता येईल असं ठिकाण शोधून सापडत नाही. म्हणजे शमशाबादच्या विमानतळावर पोचायचं तेच सुकलेल्या घशानं. तिथं तीन तास आधी हजेरी, मग दुबईपर्यंत चार तास, मधला थांबा, आणि दुबई ते डलास सोळा तासांच्या आसपास. त्यात विमानातली हवा आपल्या मे महिन्यातल्या दुपारइतकी कोरडी, ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली. फक्त ती गार असते, घाम येत नाही, म्हणून अंगातलं पाणी कमी झालेलं लक्षातच येत नाही. मग डोकं ठणकतं, ओठ फुटतात, आणि तिकडं पोचल्यावर दोन दिवस पोट साफ होत नाही ते वेगळंच.

म्हणून घरातूनच पीत निघ. गाडी चांगल्या हॉटेलापाशी थांबवायला लाव, ड्रायव्हरला सांगायला लाजू नकोस. विमानात वाटेच्या कडेची सीट माग, म्हणजे उठताना कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. आणि दोघींसाठी एकेक रिकामी बाटली घे. रिकामी न्यायला कुणी अडवत नाही. तपासणी झाली की आत नळावर भरून घ्यायची. दुबईला पुन्हा तपासणी होईल, तेव्हा उरलेलं त्याआधी पिऊन टाक. भरलेली बाटली कचऱ्यात टाकायला लातूरच्या माणसाचा हात धजत नाही, मला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय आपण.

आता तो नियम. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून उडणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं न्यायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हे सुरू झालं. हातातल्या बॅगेत कुठलाही पातळ, मऊ, चिकट पदार्थ शंभर मिलीपर्यंतच्याच डबीत हवा, आणि त्या सगळ्या डब्या एक लिटरच्या पारदर्शक, झिपच्या पिशवीत मावायला हव्यात. बघ, मोजतात ती बाटली, आतला माल नाही. दोनशे मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल उरलं असलं तरी ती जाते. खोबरेल तेल थंडीत गोठलेलं असलं तरी तेलच. टूथपेस्ट, व्हॅसलीन, दही, लोणचं, तेलातली चटणी, सगळं त्यातच धरतात. माझी ठेच्याची बरणी अशीच गेली. तपासणीच्या बाईनं झाकण उघडून वास घेतला आणि बिचारी शिंकतच सुटली. सासूबाईंचं पातळ औषध मात्र लागेल तेवढं नेता येतं, फक्त डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेव आणि विचारायच्या आधी स्वतःच दाखव.

खरं तर विमानात तुला लागतं किती? ओठांना व्हॅसलीनची छोटी डबी, हाताला थोडं क्रीम, नाक कोरडं पडतं त्यासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब. साबणाची वडी चालते. ट्यूब भरताना आतली हवा दाबून काढ, वर गेल्यावर ती फुगते आणि झाकणातून ओघळते.

काळा मसाला, येसर, मेतकूट मोठ्या बॅगेत टाक. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साडेतीनशे मिलीहून जास्त पूड हातात असली की ते वेगळी तपासणी करतात आणि रांग अडते. खोबऱ्याच्या वाट्या कुठंच नकोत. सुकं खोबरं पेट घेतं म्हणून ते मोठ्या बॅगेतूनही काढून घेतात. तूप नेऊच नकोस, तिकडं भारतीय दुकानात हवं तेवढं मिळतं. पॉवरबँक मात्र हातातल्याच बॅगेत. आणि उतरल्यावर खाण्याचं जे असेल ते अधिकाऱ्याला खरं सांगायचं. लाडू लपवायची काही गरज नाही गं.

पायांचं नीट ऐक. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसलं की पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं. धडधाकट माणसात तरीही तो सहा हजारांत एखाद्यालाच, तेव्हा लगेच छातीत धडकी भरून घेऊ नकोस. पण त्या अभ्यासात बस, रेल्वे आणि कारसुद्धा होती. म्हणजे तुमचं बसणं हैदराबादच्या रस्त्यावरच सुरू होतं. दर तास-दीड तासानं उठ, बसल्या जागी टाचा वर-खाली कर, पायाशी बॅग कोंबून जागा अडवू नकोस. सासूबाईंचे पाय एरवीही सुजतात, तर घट्ट मोजे घालायचे का हे त्यांच्या डॉक्टरला विचारून घे. बीपीच्या गोळीची वेळ घड्याळ बदलल्यावर कशी धरायची, तेही त्याच फेरीत विचार. ॲस्पिरिन मनानं कुणीच घ्यायची नाही.

आणि ऐक, जवळ ये. पाळी पुढं ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. सत्यनारायणासाठी घेतली होती, काही झालं नाही, म्हणशील. पण तेव्हा तू सोळा तास खुर्चीत बसली नव्हतीस. त्या गोळीचा गुठळीशी संबंध असू शकतो, म्हणून डॉक्टरबाईंना प्रवास किती लांबचा आहे ते सांगून मगच ठरव. पाळी आलीच तर येऊ दे. पॅड आणि एक जास्तीचा जोड हाताशी ठेव, झालं.

जेवणाचं तिकिटासोबतच सांगून ठेव, निदान एक दिवस आधी. ‘हिंदू मील’ म्हटलं की शाकाहारी असं सासूबाई समजतील, पण त्यात मांस असू शकतं. ‘एशियन व्हेज’ माग. धपाटे आणि दशम्या ने, दही नको. उंचावर पोटातला वायू फुगतो, तेव्हा निघायच्या दिवशी हरभऱ्याची उसळ आणि सोडा टाळलेलाच बरा.

विमानातल्या संडासाबद्दल सासूबाईंना आधीच सांग. कडी सरकवली की दिवा लागतो, फ्लशचा आवाज एकदम जोरात येतो, दचकायचं नाही. तिथं पाण्याचा फवारा बहुतेक नसतो, म्हणून अर्ध्या लिटरची एक रिकामी बाटली खास त्यासाठी ठेव आणि बेसिनच्या नळावर भरून घ्या. त्या नळाचं पाणी प्यायचं नाही, हेही सांग. त्यांच्यासाठी व्हीलचेअर आधीच नोंदव, पैसे पडत नाहीत आणि दुबईच्या लांबलचक वाटा चालाव्या लागत नाहीत. त्या म्हणतील, मी काय आजारी आहे का? तू म्हण, तुमच्याबरोबर माझीही रांग लवकर सरकते, माझ्यासाठी बसा.

विमान उतरायला लागलं की त्यांना झोपू देऊ नकोस, कानांना दडे बसतात. एक लवंग किंवा गोळी चघळायला दे आणि घोट घोट पाणी पाज.