अभयारण्यातील मुक्काम

मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी थळघाट चढून इगतपुरी मागे टाकते, तोच घोटीचे स्थानक लागते. भाताची बाजारपेठ म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. परंतु सुटीच्या दिवशी येथे येणाऱ्या कित्येकांचे बाजाराकडे लक्षही नसते. त्यांच्या पाठीवर राहुटीचे गाठोडे असते आणि दृष्टी आग्नेयेकडील डोंगररांगेवर खिळलेली असते. तेथे कळसूबाईचे शिखर आहे. ते १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही.

हे शिखर आणि हरिश्चंद्रगड यांच्या परिसरातील डोंगराळ मुलूख १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवरेवरील भंडारदरा धरण त्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये पूर्ण झाले होते. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात एका राहुटीपुरती जागा सहज मिळेल, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात ती मिळता मिळत नाही.

राहुटीला सपाट जमीन हवी, जवळ पाणी हवे, वाऱ्यापासून आडोसा हवा. सह्याद्री या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच देतो. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. पण तेथे जागा थोडी आणि वारा अनावर. ओढ्याच्या कोरड्या पात्रातील मऊ वाळू थकलेल्या माणसाला मोठा मोह घालते. तिच्यावर पथारी पसरणे मात्र जिवावर बेतू शकते. कारण पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली अंधारात येतो. कड्याखाली दगड सुटण्याचे भय, वठलेल्या झाडाखाली फांदी मोडण्याचे. हरिश्चंद्रगडावरील गुहा चांगल्या खऱ्या, परंतु गर्दीच्या दिवसांत उशिरा पोहोचणाऱ्याला त्या भरलेल्याच आढळतात.

सर्वांत अधिक दाटी होते ती मे महिन्याच्या अखेरीस. पाऊस तोंडावर आला, की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. ही शोभा पाहण्यास इतके लोक येतात, की भंडारदऱ्याच्या काठावर राहुट्यांना राहुट्या भिडतात. वस्तुतः काजव्यांचा प्रकाश ही त्यांची एकमेकांना घातलेली साद होय. मोटारींच्या दिव्यांपुढे ती साद फिकी पडते. अनेक जातींच्या माद्या गवतात किंवा झुडपांवर खालीच बसलेल्या असतात आणि त्यांच्या अळ्या ओलसर मातीत गोगलगाई खाऊन वाढतात. ज्या गवतावर राहुटी ठोकायची, तेच त्यांचे घर! म्हणून वनखाते या दिवसांत प्रवेशावर निर्बंध घालते. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटविणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुळातच मना आहे.

मग मुक्काम करावा कोठे? जाणते लोक जंगलात जागा शोधीत हिंडत नाहीत. ते पायथ्याच्या बारी गावात किंवा धरणाजवळच्या शेंडी गावात दिवस मावळण्यापूर्वी पोहोचतात आणि एखाद्या शेतकऱ्याला विचारतात. भात कापून झालेले खाचर सपाट असते, विहीर जवळ असते, बांधाचा आडोसाही मिळतो. खाचरात पाणी असेल, तर घराची पडवी असतेच. मोबदला आधी ठरवितात. जेवणाचेही तेव्हाच सांगून ठेवतात, कारण आयत्या वेळी आलेल्या दहा माणसांसाठी भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला रात्र पुरत नाही.