इंजिनबदल आणि स्टार्टरची निवड

मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी वेगळ्या जातीचे इंजिन बसवण्याच्या कामात मालकाचे आणि कारागिराचे सारे लक्ष इंजिनाच्या फाउंडेशनकडे, गिअरबॉक्सच्या जोडणीकडे, रेडिएटरकडे आणि डिझेल-पेट्रोलच्या नळ्यांकडे असते; इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर, म्हणजे गॅरेजमध्ये जिला नुसते ‘सेल्फ’ म्हणतात तो स्टार्टर, बहुधा सर्वांत शेवटी आठवतो. तोवर इंजिन जागेवर बसलेले असते, गिअरबॉक्स चढलेला असतो आणि माप घेण्यासाठी हातही आत जात नाही. अशा वेळी जो स्टार्टर बोल्टांच्या भोकांत बसतो तो योग्य समजला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणींचा उगम या समजुतीतच असतो. स्टार्टर कोणत्या गाडीचा किंवा कोणत्या इंजिनाचा आहे ही माहिती निवडीसाठी अपुरी असते, कारण त्याचे खरे नाते फ्लायव्हीलवरील दातेरी रिंगशी आणि ती रिंग ज्या कवचात फिरते त्या बेल हाउसिंगशी असते, आणि इंजिनबदलात नेमक्या याच दोन वस्तू वेगवेगळ्या गाड्यांतून आलेल्या असू शकतात.

स्टार्टरची रचना थोडक्यात पाहिली की हे नाते स्पष्ट होते. किल्ली फिरवताच सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा मोठा स्विच, एकाच वेळी दोन कामे करतो : तो पिनियन हा लहान दातेरी गिअर पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये गुंतवतो आणि बॅटरीचा पूर्ण करंट मोटरकडे सोडतो. पिनियनला साधारणपणे ९ ते १२ दात असतात, रिंगला शंभराहून बरेच अधिक, त्यामुळे पिनियनच्या पंधरा ते वीस फेऱ्यांत इंजिनाची एक फेरी होते. इंजिन सुरू झाल्यावर हेच गुणोत्तर उलट्या बाजूने घातक ठरू शकते. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्या घेत असताना पिनियन गुंतलेलाच राहिला, तर १८ पट गुणोत्तरात तो १८००० फेऱ्यांनी फिरेल. तो वेग मोटरच्या आर्मेचरपर्यंत पोहोचू नये म्हणून पिनियनच्या मागे एकाच दिशेने जोर देणारा क्लच बसवलेला असतो. या क्लचसह संपूर्ण भागाला आपल्याकडे सर्रास ‘बेंडिक्स’ म्हटले जाते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका जुन्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी भंगार बाजारातून आणलेले डिझेल इंजिन बसवण्यात आले होते. गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंग जुनेच ठेवून मध्ये सुमारे १२ मिमी जाडीची जोडप्लेट घालण्यात आली, आणि पेट्रोल इंजिनाचा स्टार्टरही तसाच ठेवण्यात आला, कारण तो १२ व्होल्टचा होता, त्याची बैठक जुन्या हाउसिंगवरच होती आणि चाचणीच्या दिवशी त्याने इंजिन फिरवलेही होते. मात्र जोडप्लेटमुळे फ्लायव्हील हाउसिंगपासून तितकेच पुढे सरकले होते, त्यामुळे पूर्ण पुढे आलेला पिनियनही रिंगच्या दातांवर जेमतेम कडेपुरता चढत होता. भरीस भर म्हणजे पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण आठ ते दहा पटींनी दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा सतरा ते बावीस पटींनी दाबावी लागते. दुपटीच्या आसपास गेलेल्या या भाराचा सगळा ताण दातांच्या त्या अरुंद कडेवर येत होता. आधी थंड सकाळी इंजिन जड फिरू लागले, मग मधूनच दात घसरल्याचा खरखराट येऊ लागला, आणि शेवटी इंजिन काही विशिष्ट ठिकाणी थांबले की स्टार्टर नुसताच फिरे. गिअरबॉक्स उतरवल्यावर रिंग समोरासमोरच्या दोन जागी खाल्लेली आढळली.

ही झीज दोनच जागी होण्याला कारण आहे. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोन वेळा दाबाचा झटका येतो, आणि बंद होणारे इंजिन अशाच एखाद्या झटक्याला अडून थांबते. त्यामुळे पिनियन प्रत्येक वेळी जवळपास त्याच दातांवर येऊन आदळतो. अशी रिंग तापवून उतरवता येते आणि एक चतुर्थांश फिरवून पुन्हा तापवून बसवली, तर न झिजलेले दात झीज होणाऱ्या जागी येतात. ती उलटी करून बसवण्याचा सल्लाही काही जण देतात, परंतु दातांच्या ज्या कडेने पिनियन आत शिरतो ती कड मुद्दाम तिरकी घासलेली असते, आणि रिंग उलटली की ही तिरकी कड मागे जाऊन पिनियन सरळ काठावर आपटू लागतो.

रिंगची मापे किती सहज फसवू शकतात याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनात सापडते. जगभरात इंजिनबदलासाठी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या इंजिनांपैकी ते एक आहे. त्याची फ्लायव्हील दोन प्रकारची मिळतात : पावणेतेरा इंच व्यासाचे १५३ दातांचे आणि चौदा इंच व्यासाचे १६८ दातांचे. दोन्हींमध्ये दर इंच व्यासामागे दातांची संख्या १२ च येते, म्हणजे दातांचे आकारमान सारखे आहे, आणि म्हणून तोच ९ दातांचा पिनियन दोन्हींवर हातात धरून पाहिला तर नीट बसतो. फरक आहे तो पिनियनचा मध्य क्रँकच्या मध्यापासून किती दूर असावा यात, आणि तो व्यासांतील फरकाच्या निम्मा, म्हणजे सुमारे १६ मिमी आहे. त्यासाठी लहान फ्लायव्हीलच्या स्टार्टरचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत आणि मोठ्याच्या स्टार्टरचे तिरपे ठेवलेले असतात. पण काही ब्लॉकवर दोन्ही प्रकारची भोके पाडलेली असतात, आणि तेथे चुकीचा स्टार्टरही विनातक्रार चढतो. स्टार्टर घेण्यापूर्वी रिंगचे दात खडूची खूण करून प्रत्यक्ष मोजणे, तिचा व्यास मोजणे आणि मगच दुकानात जाणे ही अर्ध्या तासाची मेहनत कोणत्याही कारागिराने टाळू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

फिरण्याची दिशा हा याहून गंभीर प्रश्न आहे, आणि तो विचारलाच जात नाही. काही गाड्यांत स्टार्टर इंजिनाच्या अंगाने गिअरबॉक्सकडे तोंड करून असतो, तर काहींत गिअरबॉक्सच्या अंगाने इंजिनाकडे तोंड करून. एका पद्धतीचा स्टार्टर दुसऱ्या पद्धतीने बसवला तर तो इंजिन उलटे फिरवील. बॅटरीच्या तारा उलटवून दिशा बदलेल ही समजूतही खरी नाही. जुन्या वळणाच्या सिरीज मोटरमध्ये फील्डचा आणि आर्मेचरचा करंट एकाच वेळी उलटतो, त्यामुळे दिशा तीच राहते. कायमचुंबकाच्या मोटरमध्ये ती खरोखर बदलते, पण तेव्हा एकदिशा क्लच जोर न देता घसरतो. दिशा चुकली असेल तर स्टार्टर बदलणे हाच उपाय उरतो.

दात, मध्यांमधील अंतर, खोली आणि दिशा जुळल्यावर बारीक जुळणी करावी लागते. विश्रांतीच्या स्थितीत पिनियनचे तोंड आणि रिंग यांच्यात साधारण ३ मिमी अंतर असावे, आणि पिनियन पुढे ओढून गुंतवल्यावर दातांमध्ये अर्धा ते पाऊण मिमी मोकळीक राहावी. ती तारेच्या गेजने, फ्लायव्हील हाताने फिरवत तीन-चार ठिकाणी तपासावी, कारण किंचित वाकडे फ्लायव्हील एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी घट्ट लागते. शेव्हरोलेसारख्या, स्टार्टर थेट ब्लॉकखाली बसणाऱ्या रचनेत शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून दातांमधील हे अंतर वाढवता येते. तेथे आवाजावरूनही निदान होते : इंजिन पेटण्यापूर्वी, फिरत असतानाच तीव्र शीळ आली तर अंतर जास्त आहे, आणि पेटल्यानंतर किल्ली सोडताना आली तर ते कमी आहे. या स्टार्टरच्या बोल्टांचे अंग खरबरीत पट्ट्यांचे असते आणि तेच स्टार्टरला जागेवर नेमके धरतात. त्याऐवजी हाताशी आलेले साधे बोल्ट वापरले तर केलेली सारी जुळणी हलते.

विजेच्या बाजूकडे वळले तर पहिला शोध अर्थिंगचा घ्यावा. इंजिन रबरी पायांवर बसलेले असल्याने चासीशी त्याचा विद्युतसंबंध केवळ एका जाड वेणीपट्टीने जोडलेला असतो, आणि इंजिनबदलात ही पट्टी परत लावायची राहून जाते. मग स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो, केबल तापते, आणि दोष मात्र स्टार्टरच्या माथी मारला जातो. वाटेत एक शतांश ओहम इतका क्षुल्लक रोध असला, तरी २०० अँपिअरला त्यात २ व्होल्ट खर्च होतात आणि ४०० वॅट उष्णता निर्माण होते. १२ व्होल्टच्या गाडीत हे नुकसान फार मोठे आहे. बॅटरी गाडीच्या मागच्या भागात हलवली असेल तर केबलची जाडी त्या प्रमाणात वाढवावी लागते. हलक्या ट्रकमधून आणलेल्या डिझेल इंजिनाबरोबर २४ व्होल्टचा स्टार्टर आला आहे का, हेही त्याच्या पट्टीवर वाचून घ्यावे.

जागा अपुरी असेल किंवा सायलेन्सरचा पाइप स्टार्टरला चिकटून जात असेल, तर आतच गिअर असलेला लहान स्टार्टर उपयोगी पडतो. त्यात लहान मोटर वेगाने फिरून आतील गिअरांमुळे आपला जोर वाढवते, वजन कमी असते, आणि काही नमुन्यांत त्याचे तोंड हवे तसे फिरवून बसवता येते. उष्णतेचा प्रश्न मात्र त्यानेही पूर्ण सुटत नाही, कारण तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो आणि गरम इंजिन नेमके पेट्रोल पंपावर अडून बसते. म्हणून पाइप आणि स्टार्टर यांच्यामध्ये उष्णतारोधक पत्रा घालावाच.

या सर्व मोजण्यांची योग्य वेळ इंजिन अजून जमिनीवर, स्टँडवर असतानाची आहे. तेव्हा फ्लायव्हील, जोडप्लेट, हाउसिंग आणि स्टार्टर इतकेच भाग एकत्र जोडून पिनियन हाताने पुढे ओढावा आणि तो रिंगच्या रुंदीवर किती चढतो ते दाताला शाई लावून पाहावे. निम्म्याहून कमी रुंदीवर ठसा उमटला तर प्लेटची जाडी कमी करावी किंवा लांब नाकाचा स्टार्टर शोधावा. त्याच काळात कागदोपत्री कामही हाती घ्यावे, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन हा तसाच बदल आहे. इंजिन चढल्यानंतर पहिली चाचणी इंधन बंद ठेवून घ्यावी, स्टार्टर एका दमात दहा सेकंदांहून अधिक चालवू नये, आणि इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर स्टार्टरचे बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.