आहारशुद्धी : पाकिटावरील लेबल आणि गायकाचा स्वभाव



रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर भनपुरी ही औद्योगिक वसाहत आहे. येथे एका साधकाच्या घरी आपला साप्ताहिक स्वाध्याय चालतो. मागे एकदा एका ताईंनी मुलांसाठी प्रसाद म्हणून रंगीत, चकचकीत गोळ्यांचे पाकीट आणले. पाकिटावर हिरवा ठिपका होता. मी सवयीने घटकपदार्थांची यादी वाचली. तिच्यात ९०४ हा क्रमांक होता. मी सर्वांसमोर म्हणालो, ‘‘ताई, ही चकाकी किड्यापासून मिळणाऱ्या लाखेची आहे. हे प्रसादात चालणार नाही.’’ ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाकीट पिशवीत ठेवले आणि आरतीपूर्वीच त्या निघून गेल्या.

त्याच दिवशी एका तरुणाने विचारले, ‘‘दादा, शुद्ध आहाराने मन शुद्ध होते असे आपण म्हणतो. मग काही मोठ्या गायकांना व्यसन होते, काही जण रागीट होते, तरी त्यांचे गाणे ऐकताना मन इतके शांत कसे होते?’’ त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे अभ्यास करताना लक्षात आले की, ताईंचे निघून जाणे आणि या तरुणाचा प्रश्न, दोन्हींचे उत्तर एकच आहे. ते या पाठात पाहूया.

१. ‘आहार’ म्हणजे केवळ जेवण नव्हे

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे येतात. वेद, इतिहास, गणित, तर्क अशा अनेक विद्या आपण शिकल्याचे ते सांगतात. त्या यादीत देवजनविद्याही आहे. शंकराचार्य तिचा अर्थ गायन, वादन, नृत्य इत्यादी कला असा करतात. म्हणजे वीणाधारी नारद सर्व विद्यांमध्ये पारंगत आहेत, तरी आपण शोकात आहोत अशी कबुली ते देतात. कला अंगी आली म्हणून अंतःकरण शांत होईलच असे नाही, हे उपनिषदानेच येथे मान्य केले आहे.

या अध्यायाच्या अखेरीस आहारशुद्धीचा उपदेश येतो. आहार शुद्ध झाला की अंतःकरण शुद्ध होते, त्यातून स्मृती स्थिर होते आणि मग मनाच्या गाठी सुटतात, असा त्याचा आशय आहे. येथील ‘आहार’ या शब्दाचा अर्थ आचार्यांनी दोन प्रकारे लावला आहे.

अ. शंकराचार्यांच्या मते जे आत घेतले जाते तो आहार. शब्द, स्पर्श, रूप इत्यादी विषयांचे ज्ञान आपण इंद्रियांनी आत घेतो. ते राग, द्वेष आणि मोह यांनी मलिन नसावे.

आ. रामानुजाचार्य प्रत्यक्ष अन्नाचा विचार करतात आणि त्याचे तीन दोष सांगतात. पदार्थाच्या मूळ स्वरूपातील तो जातिदोष, अन्न ज्याच्याकडून येते त्याच्या वृत्तीमुळे लागणारा तो आश्रयदोष, आणि केस, धूळ, घाण यांच्या संपर्काने लागणारा तो निमित्तदोष.

स्वामी विवेकानंदांनी हे दोन्ही अर्थ स्वीकारले. मात्र धर्म स्वयंपाकघरात आणि शिवाशिवीत अडकून पडला, तर तो धर्म उरत नाही, असेही त्यांनी कठोरपणे बजावले. ‘आश्रयदोष’ या शब्दाचा आधार घेऊन कोणाची जात पाहणे हा या शिकवणीचा विपर्यास आहे. आश्रय म्हणजे देणाऱ्याची वृत्ती. लुबाडून आणलेले पंचपक्वान्न अशुद्ध असते आणि घाम गाळून मिळवलेली भाकरी शुद्ध असते.

२. लेबल काय सांगते?

पाकिटातील अन्नाच्या बाबतीत जातिदोष आणि निमित्तदोष ओळखण्याचे साधन म्हणजे लेबल. ते वाचणे हे साधकाचे कर्तव्यच आहे. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा असून लेबलविषयीचे सध्याचे नियम २०२० चे आहेत. पुढील गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात.

अ. चिन्ह : हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी पदार्थ. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या नियमांनुसार त्याजागी तपकिरी त्रिकोण आला. त्यामुळे रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांनाही आकारावरून फरक कळतो.

आ. घटकपदार्थ : ते प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘पौष्टिक’ म्हणवणाऱ्या बिस्किटात पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर पुढील दाव्यांना किती महत्त्व द्यायचे ते आपण ठरवावे.

इ. मीठ, साखर, स्निग्धांश : दिवसभरासाठी २००० मिलिग्रॅम सोडियम (सुमारे ५ ग्रॅम मीठ) आणि ५० ग्रॅम वरून घातलेली साखर हे प्रमाण धरून, एका वेळच्या खाण्यातून त्याचा किती टक्के वाटा पोटात जातो, हे लेबलवर दिलेले असते. अति खारट आणि अति तिखट अन्नाला गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस म्हटले आहे. आज ते ‘राजस’पण टक्केवारीत मोजता येते.

ई. तारखा आणि परवाना : उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक. शिळे अन्न तामस असते, हेही त्याच अध्यायात सांगितले आहे.

३. लेबल काय सांगत नाही?

आता ९०४ या क्रमांकाकडे वळू. तो शेलॅकचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा क्रमांक आहे. छत्तीसगड हे लाख पिकवणाऱ्या प्रमुख राज्यांपैकी एक आहे. येथे कुसुम, पळस आणि बोर या झाडांवर लाखेचे किडे वाढवतात. किडा स्वतःभोवती जी राळ स्रवतो, ती खरवडून आणि शुद्ध करून शेलॅक तयार होते. २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध, मध आणि मेण यांच्याप्रमाणे शेलॅकही वगळलेले आहे. त्यामुळे त्या पाकिटावरील हिरवा ठिपका नियमाप्रमाणे योग्यच होता. एखाद्या साधकाने स्वतःपुरते शेलॅक वर्ज्य करणे हे त्याचे व्रत झाले. ताईंची मात्र त्यात काहीच चूक नव्हती.

येथे माझी चूक माझ्या लक्षात आली. ताईंनी प्रेमाने आणलेल्या वस्तूचा घटक मी वाचला, पण त्यांची वृत्ती वाचली नाही. शिवाय सर्वांसमोर बोलून त्यांच्या कानांत मी जे घातले, तोही आहारच होता. तिसरा दोष, म्हणजे आश्रयदोष, कोणत्याही लेबलवर छापलेला नसतो. त्या संध्याकाळी तो गोळ्यांत नव्हता, माझ्या बोलण्यात होता.

४. गायकांचे स्वभाव

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचा विचार करू. त्यासाठी चार थोर कलावंतांची उदाहरणे घेऊ.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) शिस्तीचे मूर्तिमंत रूप होते. बालपणी फटाक्याच्या अपघातामुळे त्यांची दृष्टी अधू झाली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या आचरणावर स्वरांइतकाच भर दिला. बंदिशींतील उथळ शृंगारिक शब्दांच्या जागी त्यांनी भक्तिपर शब्द आणले. गाण्याच्या ‘घटकपदार्थां’ची त्यांनी केलेली ही शुद्धीच होती.

पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा स्वभाव देणाऱ्याचा होता. पं. भातखंडे यांचे हे शिष्य बडोद्याला उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडेही शिकले. आपल्याच छत्तीसगडमधील खैरागडच्या, १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ते सुरुवातीच्या काळात कुलगुरू होते. मैफली गाजवण्यापेक्षा शिकवण्यात आणि बंदिशी रचण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

पं. भीमसेन जोशी (१९२२-२०११) वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून गेले. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून त्यांनी सेवा आणि रियाज केला. त्यांना अनेक वर्षे मद्याचे व्यसन होते आणि नंतर त्यांनी ते सोडले, हे सर्वश्रुत आहे.

गानसरस्वती किशोरी आमोणकर (१९३२-२०१७) यांच्यावर लोकांनी ‘लहरी’ असा शिक्का मारला. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय त्या गात नसत आणि श्रोत्यांची कुजबुज त्यांना सहन होत नसे. कानांनी आत जाणाऱ्या आहारात कण्याएवढीही भेसळ नको, असा तो आग्रह होता. आपण त्याला राग म्हटले. त्यांच्या बाजूने पाहिले, तर ती रागाच्या भावाविषयीची निष्ठा होती.

या चारही जणांचे स्वभाव वेगवेगळे होते. व्यसनामुळे कोणाचे गाणे मोठे झाले नाही. व्यसनाने देहाची हानीच होते, याविषयी आपल्या मनात संदेह नसावा. गाणे मोठे झाले ते रोजच्या रियाजामुळे आणि गुरुसेवेमुळे. ज्या घटकेला गायक स्वतःला विसरून स्वराला शरण जातो, त्या घटकेला जे आपल्या कानांत येते ते शुद्ध असते. म्हणूनच ऐकताना आपले मन शांत होते. गायकाच्या एखाद्या उणिवेवरून त्याच्या साधनेची किंमत ठरवणे, हे पाकिटाचा केवळ रंग पाहून आतील पदार्थ ठरवण्यासारखे आहे.

५. तंबोऱ्याचा धडा

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी छत्तीसगडच्या नगरी दुबराज या सुवासिक तांदळालाही ते मिळाले होते. तांदळालाही लेबल आहे आणि तंबोऱ्यालाही. वस्तू अस्सल आहे, अशी ग्वाही हे लेबल देते. तरीही दुबराज रोज शिजवावा लागतो आणि तंबोरा प्रत्येक बैठकीला लावावा लागतो. घोडीवर तारेखालचा बारीकसा दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते. तो थोडा चुकला, तर मिरजेचा उत्तम तंबोराही बद्द वाजतो.

आपले मनही असेच रोज लावावे लागते. काल सात्त्विक जेवलो म्हणून आजचे मन आपोआप सुरात येत नाही.

६. या सप्ताहाचा स्वाध्याय

अ. घरातील कोणत्याही पाच पाकिटांवरील घटक, तारीख आणि मिठाचे प्रमाण वाचावे. जे टाळायचे आहे ते शांतपणे टाळावे.

आ. दुसऱ्याच्या ताटाविषयी सूचना करायचीच असेल, तर ती एकांतात, प्रेमाने आणि विचारल्यावर करावी.

इ. जेवताना भ्रमणध्वनी आणि दूरदर्शन संच बंद ठेवावा. तोंडाने प्रसाद आणि कानांनी भांडण, असे दोन आहार एकत्र घेऊ नयेत.

ई. रोज दहा मिनिटे नुसता तंबोरा ऐकावा. त्यानंतर दिवसभरात आपण कोणावर कोणते शिक्के मारले, ते आठवून लिहावे आणि त्यातील एक तरी पुसावा.

पुढच्या सप्ताहात मी ताईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहाबरोबर त्याच गोळ्या बशीत घालून पुढे केल्या. शेलॅक न खाण्याचा माझा नियम आजही आहे. त्या दिवशी मात्र मी एक गोळी उचलली, कपाळाला लावली आणि खाल्ली.

हे भगवंता, आमच्या मुखात जाणाऱ्या घासाप्रमाणेच आमच्या कानांवर पडणारा आणि मुखातून निघणारा शब्दही शुद्ध होवो, हीच तुझ्या चरणी प्रार्थना!