हट्टी व्रणास एकच उपाय पुरत नाही

आमच्या नातीचे कान १४व्या वर्षी टोचले. जखम भरली, परंतु काही महिन्यांत पाळीवर हरभऱ्याएवढी कठीण गाठ आली. आम्ही ती कापून काढविली व निश्चिंत झालो. वर्षाच्या आत ती सुपारीएवढी होऊन परतली.

अशा गाठीस वैद्यकात ‘केलॉइड’ म्हणतात. साधा व्रण जखमेच्या मर्यादेत राहतो. केलॉइड ती ओलांडून निरोगी त्वचेवर पसरतो, कारण जखम भरल्यावरही त्वचा कोलॅजेनचे तंतू निर्माण करीतच राहते. हा कर्करोग नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. परंतु काप म्हणजे नवी जखमच. म्हणून नुसत्या कापलेल्या गाठी निम्म्या अथवा त्याहून अधिक वेळा परत येतात.

यास्तव तज्ज्ञ उपायांची सांगड घालतात. गाठीतच ट्रायॅम्सिनोलोनची सुई साधारण ४ ते ६ आठवड्यांनी देतात. जरूर तर तीत फ्ल्युओरोयुरॅसिल मिसळतात किंवा गाठ द्रव नायट्रोजनने गोठवितात. कापल्यास पुढे सुया, सिलिकॉनची पट्टी व कानास दाबाची चिमटी चालू ठेवतात. अतिहट्टी गाठीस शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांत किरणोपचार सुरू करतात. लहान मुले व गरोदर स्त्रियांस मात्र तो टाळतात.

नातीस दुसऱ्या खेपेस कापल्यावर सुया व चिमटी दिली. आज पाळी सपाट आहे.

तुरीस कीड लागली तर नुसते चाळून भागत नाही. ऊन द्यावे लागते, कोठार कोरडे राखावे लागते व पुढेही पाहत राहावे लागते. ज्यांच्या घराण्यात हा दोष आहे, त्यांनी कान टोचण्यापूर्वीच त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.